बारा फुटांच्या हॉलला टॉवर कशाला?

प्रश्न : आमचा हॉल १२ बाय १० फुटांचा. रोज संध्याकाळी शास्त्रीय गाणं, रविवारी सिनेमा. जमिनीवर उभे राहणारे उंच टॉवर स्पीकर घ्यावेत, की स्टँडवर ठेवायचे छोटे बुकशेल्फ आणि फक्त खालच्या सुरांसाठीचा वेगळा स्पीकर, म्हणजे सबवूफर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्या खोलीत टॉवरच्या नादी लागू नका. १२ फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत साधारण ४७ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो. टॉवर कोपऱ्यात सरकले की तो आणखी फुगतो, आणि डग्ग्याचा गोल घुमारा जाऊन नुसता गडगडाट उरतो.

साडेसहा इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) चांगले बुकशेल्फ घ्या. ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला येईल असे स्टँड, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. सबवूफर पुढच्या वर्षी आणला तरी चालेल. पैसा आधी या जोडीवर घाला. सबवूफर आला की रिसीव्हरमध्ये (स्पीकर चालवणारा अँप्लिफायर) स्पीकर ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचे सूर सबवूफरकडे जातील. सिनेमातले स्फोट मग तोच पेलेल.

दुकानात जाताना तुम्हाला पाठ असलेलं रेकॉर्डिंग न्या. तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू आल्या पाहिजेत, गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे. नाही राहिला, तर दुकानदार कितीही वॅट सांगो, सरळ उठून या.