फुजिवारा वाचताना आधी सोयरीक बघा

जपानच्या इतिहासातला हेइआन काळ आणि त्यातलं फुजिवारा हे बडं दरबारी घराणं नव्याने वाचायला घेतलंय ना? मग पदांच्या याद्या पाठ करत बसू नका, मीही त्यातच अडकलो होतो. सम्राट लहान असेल तर कारभार पाहणारा ‘सेश्शो’, मोठा झाल्यावर ‘काम्पाकु’. सुरुवातीला एवढं पुरे.

खरी गंमत आजोळात आहे. दरबारी घराण्यांत मूल बहुधा आईच्या माहेरी वाढे. म्हणून फुजिवारा आपल्या लेकी सम्राटांना देत आणि नातू गादीवर आला की आजोबांच्या हाती कारभार! फुजिवारा योशिफुसाने ८५८ मध्ये आठ वर्षांच्या नातवाच्या नावाने हेच केलं. याच घराण्यातला मिचिनागा तर कधी काम्पाकु झालाच नाही, सेश्शोही जेमतेम वर्षभर होता. तरी त्याच्याइतका वजनदार माणूस दुसरा नव्हता, कारण १०१८ पर्यंत त्याच्या तीन मुली सम्राज्ञीपदावर होत्या. पद बघाल तर फसाल.

म्हणून वहीत प्रत्येक सम्राटाच्या नावापुढे आईचं आणि तिच्या वडिलांचं नाव लिहा. १०६८ ला सम्राट गो-सान्जोपाशी आलात की थांबा: त्याची आई राजकन्या, फुजिवारा मुलगी नव्हे. पुढे १०८६ मध्ये त्याचा मुलगा शिराकावा गादी सोडूनही सूत्रं हलवू लागला. ते प्रकरण मात्र सावकाश वाचा.