ओआरएम सोडून थेट एसक्यूएल लिहावे का?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाची देवघेव-प्रणाली जँगोमध्ये (पायथन भाषेतील वेब-चौकट) आहे. वाचकांची यादी उघडायला फार वेळ लागतो. ओआरएम (पायथनच्या कोडवरून डेटाबेसची भाषा एसक्यूएल आपोआप तयार करणारा थर) काढून सर्व क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या मागण्या, हाताने लिहाव्यात का?

उत्तर : सर्व लिहू नयेत. आधी डेटाबेसकडे नेमक्या किती क्वेरी जातात, ते डीबग टूलबारमध्ये (जँगोसाठीचे तपासणी-साधन) पाहावे. १०० वाचकांपुढे प्रत्येकाची शाखा दाखवताना यादीसाठी एक आणि प्रत्येक वाचकामागे एक, अशा १०१ क्वेरी जाऊ शकतात. दोष बहुधा इथेच असतो, आणि जँगोची 'सिलेक्ट_रिलेटेड' ही पद्धत जोडल्यावर तेच काम एका जॉइनमध्ये (तक्ते जोडून घेणाऱ्या एकाच क्वेरीत) होते. नोंदी भरणे, दुरुस्त करणे ही रोजची कामे ओआरएमकडेच राहू द्यावीत. मात्र शाखावार थकबाकीचा अहवाल, ज्यात चार-पाच जॉइन आणि विंडो फंक्शन (ओळी एकत्र न करता गटावर हिशेब करणारी सोय) लागतात, तो ओआरएममध्ये कोंबण्यापेक्षा सरळ एसक्यूएलमध्ये लिहिलेला बरा. पुढे तो वाचणाऱ्याला निदान कळेल तरी. त्यात वापरकर्त्याने भरलेला मजकूर स्ट्रिंगला जोडू नये, पॅरामीटर म्हणूनच (क्वेरीपासून वेगळा) द्यावा, अन्यथा एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे मजकुरातून डेटाबेसला आज्ञा घुसवली जाण्याचा, धोका राहतो. ओआरएममुळे उद्या डेटाबेस बदलता येईल, हा युक्तिवाद मला फारसा पटत नाही, कारण चालत्या प्रणालीचा डेटाबेस सहसा कोणी बदलत नाही. क्वेरी कमी करूनही यादी रेंगाळत असेल, तर 'एक्सप्लेन' (क्वेरी कशी चालवली जाईल ते दाखवणारी आज्ञा) चालवून इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, वापरला जातो का, हे तपासावे.