रुग्णालयांची पुनर्रचना इतकी अवघड का असते?

राष्ट्रीय आरोग्य व्यवस्थेत रुग्णालयांची नव्याने रचना करताना कागदावरची योजना प्रत्यक्षात का अडखळते, असे आपण विचारले आहे. खान्देशातील सरकारी दवाखान्यांत औषधनिर्माण अधिकारी म्हणून काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की अडचण इमारतींची नसते. रुग्णाच्या वाटेची आणि जबाबदारी कोणाची, याची असते.

लंडनने २०१० मध्ये सुमारे ३० रुग्णालयांत विखुरलेले पक्षाघाताचे तातडीचे उपचार ८ केंद्रांत एकवटले आणि मृत्यूचे प्रमाण घटले. त्याच वर्षी मँचेस्टर परिसरात मात्र लक्षणे दिसल्यापासून चार तासांच्या आत पोहोचणाऱ्यांनाच विशेष केंद्रात नेण्याचा नियम झाला, आणि तेथे मृत्युदरात तसा फरक दिसला नाही. म्हणजे सेवा एकवटणे पुरेसे नव्हते. प्रत्येक रुग्ण तेथपर्यंत पोहोचणे महत्त्वाचे होते. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील डोंगराळ अक्राणी तालुक्यातील पाड्यावरून बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून सडकेपर्यंत आणावे लागते आणि पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की रुग्णवाहिकाही थांबते. अशा ठिकाणी जवळचा प्रसूतिकक्ष बंद करून नंदुरबारला उत्तम कक्ष उभारला, तर नकाशा सुधारेल, बाई मात्र वाटेतच अडकेल.

दुसरी अडचण कमी दिसते, पण मला तीच अधिक छळते. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असते, त्यामुळे दर्जा बदलला की मालकही बदलतो. मी होतो त्या एका केंद्राचे श्रेणीवर्धन होऊन ग्रामीण रुग्णालय झाले, तेव्हा शिल्लक औषधे जुन्या कार्यालयाच्या साठा नोंदवहीवर राहिली आणि नव्या कार्यालयाचा पुरवठा सुरू व्हायचा होता. रक्तदाबाच्या गोळ्या कपाटात दिसत असूनही त्या कोणाच्या सहीने द्यायच्या, हे ठरेना. प्लॅस्टिकच्या पिशवीत केसपेपर जपून आणणारे एक वृद्ध शेतकरी तीन आठवडे रिकाम्या हाताने परतले, आणि चौथ्या आठवड्यात ते आलेच नाहीत. हस्तांतराच्या आदेशात खाटा, पदे, खोल्या यांचा हिशेब चोख होता. मधल्या काळात औषध कोणत्या नोंदवहीतून द्यायचे, एवढी एक ओळ मात्र त्यात नव्हती.