सोलापुरात राहून दुर्मिळ डिस्को, फंक, इलेक्ट्रॉनिक संगीत कसं शोधायचं? आणि इथे ऐकणारं कोणी नसेल तर ऐकवायचं कुणाला?

ऐकणारे आहेत हो. आपणच त्यांना नको त्या वेळी नको ते गाणं पाठवतो. पण त्याकडे नंतर येतो, आधी शोधायचं बघू.

माझं सांगणं एवढंच आहे की गाण्यांच्या मागे लागू नका, नावांच्या मागे लागा. ॲप 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत जे पुढे करतं, ते आधीच भरपूर लोकांनी ऐकलेलं असतं, म्हणून तर त्याला सुचतं. रेकॉर्डच्या कव्हरच्या मागच्या बाजूला बारीक टायपात जे छापलेलं असतं ते वाचायची सवय लावून घ्या: बास कोणी वाजवला, ऑर्गनवर कोण, ध्वनिमुद्रण कुठे झालं. डिस्कॉग्ज नावाची साइट २००० साली निघाली तीच मुळात इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रेकॉर्ड्सची नोंद ठेवायला. तिथे एखाद्या वादकाच्या नावावर क्लिक केलं की त्याने आणखी कुठेकुठे हात मारलाय ते निघतं. घरबसल्या, फुकट. ह्या बाबतीत सोलापूर आणि मुंबई सारखेच.

उदाहरण देतो. आशिष खान हे नाव शास्त्रीय ऐकणाऱ्यांना माहीत असतं, उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव, सरोदवादक. त्यांच्या नावाचा माग काढत गेलात तर १९८२ साली कॅनडातल्या कॅलगरीत ध्वनिमुद्रित झालेल्या 'डिस्को जॅझ' नावाच्या रेकॉर्डवर जाऊन पोचाल. गायिका रूपा विश्वास, गाणी हिंदी-बंगाली, आणि ड्रम-बासच्या मधून वाजणारा हा सरोद. त्या काळी कोणी फारसं विचारलं नाही. पुढे इंटरनेटवर लोकांच्या हाती लागली आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यूमेरो ग्रुपने ती पुन्हा छापली. त्यातलं 'आज शनिबार' आज रात्री हेडफोन लावून ऐका.

त्याच १९८२ सालची दुसरी गोष्ट चरणजित सिंगांची. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा माणूस. त्यांनी रोलँड ह्या जपानी कंपनीची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३, आणि भैरवीपासून मालकंसापर्यंत दहा राग डिस्को ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड एचएमव्हीने काढली, चालली नाही. टीबी-३०३ ही चंदेरी डबी बासवाला हजर नसेल तर त्याच्या जागी वाजवायला बनवलेली. त्या कामात ती सपशेल पडली, कारण तिचा आवाज बास गिटारसारखा येतच नाही. पण ती एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरते, आणि बटण पिळत नेलं की आवाज चिरका, ओला, चिडल्यासारखा होत जातो. शिकागोतल्या फ्यूचर नावाच्या मंडळींनी नेमकं हेच धरून १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि ॲसिड हाउस हा इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताचा प्रकार सुरू झाला. चरणजित सिंगांची रेकॉर्ड २०१० मध्ये एका डच लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, पुन्हा काढली, तेव्हा 'ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला' अशी आरोळी उठली. मला ती पटत नाही. यंत्र एक आणि मींड काढायची त्याची खोड एक, म्हणून दोन ठिकाणी सारखा आवाज निघाला. कौतुक करायला तेवढं पुरे आहे.

आता सोलापूरचा फायदा. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांमध्ये माळ्यावर तेलुगू कॅसेट पडून आहेत, कन्नडही सापडतात. दक्षिणेतल्या सिनेमाचे संगीतकार इळैयराजांनी ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन काय धुमाकूळ घातलाय ते मराठी-हिंदीपुरतं ऐकणाऱ्याला ठाऊक नसतं. शेजारच्या काकूंना विचारा, "जुन्या कॅसेट टाकून देणार आहात का?" बहुतेक वेळा पिशवीभर हाती येतात, वर चहा मिळतो.

कॅसेट मिळाली की लगेच डेकमध्ये घालू नका. आधी आत बघा. मधल्या खिडकीपाशी टेपच्या मागे पितळी पट्टीवर नमद्याचा इवलासा तुकडा असतो, तो जुन्या कॅसेटमध्ये गळून पडलेला असतो आणि मग आवाज दबका येतो. कोपऱ्यांना स्क्रू असतील तर खोलून रिळं दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवता येतात. एवढं करूनही आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला तर डेकच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी केसभर फिरवून बघा. एका जागी झांजा एकदम उघडतात, तिथेच थांबा. मग लॅपटॉपवर ऑडॅसिटी ह्या फुकट प्रोग्राममध्ये भरून फ्लॅक फाइलमध्ये ठेवा, तिच्यात आवाजातलं काही गळत नाही. एमपी३ नंतर कधीही करता येते.

(यंत्रमागाचा खडखडाट आणि डिस्कोचा ठेका एकच, असं कोणी रंगवून सांगायला लागलं तर सोडून द्या. मागावर बारा तास उभं राहिलेल्या माणसाला विचारा त्यात संगीत कुठे आहे ते.)

आणि ऐकवायचं कसं? हुरड्याला शेतावर जमलेल्या मित्रांपुढे एकदम आठ मिनिटांचा वाद्यसंगीताचा ट्रॅक लावला तर दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी ब्लूटूथ हिसकावून घेणार, आणि बरोबरच आहे त्याचं. ओळखीच्या दारातून आत न्यायचं. आधी 'डॉन'मधलं 'ये मेरा दिल' लावा, १९७८ चं, कल्याणजी-आनंदजींचं. सगळे गुणगुणतात. मग सांगा की २००५ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक आयड पीज ह्या बँडने ह्याचाच तुकडा घेऊन गाणं केलं, आणि ते लावा. तिसरं गाणं तुमचं. तोवर कान बासकडे वळलेले असतात. ग्रुपवर पाठवताना नुसती लिंक टाकू नका, 'अमुक मिनिटाला सरोद येतो तेवढं ऐक' असं लिहा. तेवढ्यासाठी लोक ऐकतात.

आणि नाव सांगा. न्यूयॉर्कमध्ये डीजे कूल हर्क रेकॉर्डवरची कागदी लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा, दुसऱ्याला गाणं कळू नये म्हणून. इंग्लंडात नॉर्दर्न सोलवाले, म्हणजे जुनं दुर्मिळ अमेरिकी सोल संगीत लावणारे डीजे, गाणी खोट्या नावाने वाजवायचे. त्यांचं पोट त्यावर होतं, आपलं नाही. गायक, वादक, साल, लेबल, जे ठाऊक असेल ते पाठवा, म्हणजे समोरचा तिथून पुढे स्वतः शोधू लागेल.

एक मात्र सांभाळा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे ऐंशीच्या दशकातलं सगळं अजून कोणाच्या ना कोणाच्या मालकीचं आहे. उतरवलेली कॅसेट घरी ऐकवा, पण नेटवर चढवू नका. पुन्हा छापलेलं बाजारात असेल तर विकत घ्या. डिस्कॉग्जवर नोंद नसेल तर कव्हरचे फोटो आणि त्यावरची नावं तेवढी भरा. तेलुगू वाचता येत नसेल तर काकूंना पुन्हा गाठा.