आईला कॅन्सर झाला होता. मी २३ वर्षांची आहे, बीआरसीए टेस्ट करून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की आईला ४४व्या वर्षी स्तनाचा ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनच्या आणि HER2च्या औषधांना दाद न देणारा) कॅन्सर झाला, उपचार संपले, आता त्या बऱ्या आहेत. आणि घरचे म्हणतात, लग्न ठरेपर्यंत या टेस्टचं नाव काढू नकोस. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही दोन जनुकं; त्यांत आईवडिलांकडून बिघाड आला असेल तर स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता खूप वाढते, तोच बिघाड ही टेस्ट शोधते. मला विचाराल तर टेस्ट व्हायलाच हवी, पण पहिलं रक्त तुमचं नको, आईचं द्या.

मी हे उलट्या क्रमाने केलं. माझ्या आईला ४१व्या वर्षी कॅन्सर झाला. पंचविशीत मी कुणालाही न विचारता ऑनलाइन किट मागवलं, नळीत थुंकी भरून पाठवली. रिपोर्ट आला, काही सापडलं नाही. त्या रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोपले. पुढची दोन वर्षं एकदाही डॉक्टरांकडे तपासून घेतलं नाही. मग आईच्या फॉलोअपला तिच्या डॉक्टरांनी तो कागद पाहिला. त्या किटमध्ये बीआरसीएच्या दोन्ही जनुकांतल्या मोजक्या जागाच तपासल्या होत्या. बिघाड तर हजारो ठिकाणी असू शकतो. माझ्या 'निगेटिव्ह'ला काही अर्थच नव्हता.

त्यांनी आम्हाला जेनेटिक काउन्सेलरकडे, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलं. तिने कोऱ्या कागदावर आमचं घराणं मांडलं. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, कॅन्सर झाला असेल तर आतून काळा. आईचा गोल काळा केला आणि विचारलं, "तुमच्या आई कशाने गेल्या?" आई म्हणाली, "तिला कॅन्सर नव्हता हो. पोटात पाणी झालं होतं." काउन्सेलरचं पेन थांबलं. अंडाशयाचा कॅन्सर पसरला की पोटात पाणी होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आजीच्या गोलात तिने प्रश्नचिन्ह काढलं. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

म्हणून जाण्याआधी घरातल्या मोठ्यांना नीट विचारा, कोण कितव्या वर्षी गेलं, नेमकं काय झालं होतं. वडिलांकडचंही विचारा. हा दोष बापाकडूनही तितकाच येतो, त्यामुळे आत्याचा आजार किंवा काकांचा प्रोस्टेटचा कॅन्सरही सांगायचा.

आई आधी का, तर त्यांच्या रक्तात दोष सापडला तर तुमची फक्त तेवढी एकच जागा तपासावी लागते. तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. नसला, तर ते 'नाही' खरं असतं. आईच्यात काहीच सापडलं नाही, तर बहुतेक वेळा तुमची टेस्ट करून फारसं हाती लागत नाही. कधी कधी रिपोर्टमध्ये 'अर्थ अनिश्चित' असा बदल येतो. त्यावरून कुणी ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

माझ्या आईत बीआरसीए१चा दोष निघाला, मग माझ्यातही. याचा अर्थ ८०व्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास, अंडाशयाची ४० टक्क्यांहून थोडी जास्त. तो आकडा ऐकल्यावर मी दोन दिवस जेवले नाही. आता मी तिशीत आहे. वर्षातून एकदा स्तनांचा एमआरआय असतो, पाळी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात, हाताला सुई लावून मशीनमध्ये पालथं पडून राहायचं. यंदापासून मॅमोग्राफीही सुरू झाली. अंडाशयाचा कॅन्सर वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी नाही, म्हणून मुलं झाल्यावर पस्तिशी ते चाळिशीत अंडाशय आणि गर्भनलिका काढायचा सल्ला दिलाय. स्तनांचं काय करायचं हे मी अजून ठरवलेलं नाही.

लग्नाबद्दल घरच्यांना वाटणारी भीती खोटी नाही. हे सांगितल्यावर एका स्थळाकडून पुन्हा फोन आला नाही. ज्याच्याशी लग्न केलं, त्याला दुसऱ्या भेटीत सांगितलं, तो पुढच्या एमआरआयला सोबत आला. पण तुमच्या घरात आज हा वाद घालायची गरजच नाही. टेस्ट आईच्या नावावर होईल आणि आधी त्यांच्याच उपयोगाची आहे. दोष निघाला तर त्यांच्या दुसऱ्या स्तनाचा आणि अंडाशयांचा विचार आत्ताच करता येतो. साठीच्या आत ट्रिपल निगेटिव्ह झाला असेल तर टेस्टसाठी तेवढं कारण पुरतं. तुमच्या वयाला घाई नाही, एमआरआय पंचविशीपासून सुरू करतात. स्वतःची टेस्ट करायच्या आधी आरोग्य विमा आणि आयुर्विमा मात्र काढून घ्या, फॉर्ममध्ये आईचा आजार न लपवता.

मुंबईच्या आसपास असाल तर टाटा हॉस्पिटलचं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक नवी मुंबईत खारघरला, टाटाच्याच अ‍ॅक्ट्रेक या केंद्रात आहे. जाताना आईचा बायोप्सीचा मूळ रिपोर्ट न्या, डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. आमचा माळ्यावरच्या सुटकेसमध्ये, आजीच्या साड्यांखाली सापडला होता.