एका दांडीच्या रेंजवर तासभर गप्पा

प्रश्न : आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. घर डोंगराला टेकून, त्यामुळे रेंज एक दांडी, तीही माडीवरच्या खिडकीपाशी. सून सहा महिन्यांची गरोदर आहे. तिथं उभी राहून फोन कानाला लावून माहेरी तासभर बोलते, रात्री तोच उशाखाली घेते. वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, टॉवर येतोय, त्याला लोकांचा विरोध आहे. रेडिएशन अडवणारा स्टिकर आणू का?
– एक सासूबाई, वाळपई

उत्तर : सासूबाई, स्टिकर आणू नका. तो अँटेना झाकत असेल तर फोन उलट जास्त जोर लावेल, नसेल तर पैसे फुकट.

मला काळजी वाटते ती त्या एका दांडीची. शेताच्या पलीकडच्या माणसाला हाक मारताना आवाज चढवावा लागतो, तसाच टॉवर लांब असला की फोन जास्त ताकदीनं लहरी सोडतो, आणि तो तर कानालाच चिकटलेला. म्हणून टॉवरला विरोध करणाऱ्यांशी मी सहमत नाही. टॉवर जवळ आला की हातातला फोन शांत होतो. शिवाय २०१२पासून आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर तुमच्या भागातला टॉवर नियमात बसतो का, ते मुलाला पाहायला सांगा.

धोका किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. याच संघटनेनं करवून घेतलेल्या २०२४च्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. गर्भाला इजा होते, असंही सिद्ध झालेलं नाही. तेव्हा सुनेला घाबरवू नका, या दिवसांत तिला आईशी बोलावंसं वाटणारच.

फक्त फोन अंगापासून दूर राहू दे. थोडं अंतर वाढलं तरी लहरींचा जोर झपाट्यानं उतरतो. स्पीकर लावावा किंवा वायरचे इअरफोन वापरावेत, फोन पोटाशी धरू नये. घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करून घ्या, मग लांबच्या टॉवरसाठी फोनला धडपडावं लागत नाही.

उशाखाली मात्र अजिबात नको, चार्जिंगला लावलेला तर नकोच, कारण तो तापतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रिंग मोठी करून ठेवा. बंद करू नका, रात्री कळा सुरू झाल्या तर १०८ला फोन करावा लागेल.