मुलीच्या शाळेचं विचारलंत म्हणून

ताई, ऑस्ट्रेलियात अर्नहेम लँडमधल्या आदिवासी वस्तीत शिक्षिकेची नोकरी मिळतेय, आठ वर्षांच्या मुलीचं तिथल्या शाळेत नुकसान होईल का, असं तुम्ही विचारलंत. वाचून रात्रभर झोप लागली नाही.

व्हिसा, पगार सरकारी कागदांत सापडेल. मी नावाचं तेवढं सांगते. माझ्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधे कुठे वडील तर कुठे नवरा. एवढ्यावरून शिक्षक-नोंदणीचे कागद तीनदा परत आले. आठ महिने गेले. नावांचं प्रतिज्ञापत्र भारतातूनच करून निघा.

आता शाळा. मी होते तिथे शाळा सरकारी, पण काय शिकवायचं यात वस्तीतल्या जाणत्यांचा शब्द चालायचा. योल्ङू म्हणजे तिथले आदिवासी, योल्ङू माथा ही त्यांची बोली. लहान वर्गांत योल्ङू बाई पुढे उभ्या राहून योल्ङू माथात शिकवायच्या, मी शेजारी. अक्षरओळख आधी त्यांच्या भाषेत, इंग्रजी हळूहळू वाढत जायची. ‘गन्मा’ हा त्यांचा शब्द, खारं आणि गोडं पाणी मिसळतं ती जागा. दोन्हीकडचं ज्ञान तसं भेटावं म्हणतात. मी खाडीकाठची, मला लगेच कळलं. अर्नहेम लँड ज्या प्रांतात येतं त्या नॉर्दर्न टेरिटरीत द्विभाषिक शाळा १९७३ पासूनच्या. १९९० मध्ये अर्नहेम लँडमधल्याच यिर्काला गावच्या शाळेला एम. युनुपिंगू हे योल्ङू मुख्याध्यापक मिळाले. आणि २००८ मध्ये सरकारने सांगितलं, रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच! यिर्कालाच्या लोकांनी तरीही आपली भाषा सोडली नाही. १९६३ मध्ये खाणीविरुद्ध दोन भाषांतला अर्ज रंगवलेल्या झाडाच्या सालीवर चिकटवून संसदेला पाठवणारं गाव ते.

हे सगळं कळूनही मी नऊ वर्षांच्या मुलाला डार्विन शहरातल्या शाळेत नेलं. इंग्रजी मागे पडेल ही भीती. तो तेव्हा माशांची नावं योल्ङू माथात सांगायचा, शाळेतल्या आजीबरोबर शिंपले गोळा करायला जायचा. मला यापा, म्हणजे बहीण, म्हणणाऱ्या बाईंनी निघताना एवढंच विचारलं, “तुझ्या भाषेत त्याला कोण शिकवतं?” मी गप्प राहिले. आज तो सोळा वर्षांचा आहे. मी मराठीत बोलते, तो इंग्रजीत उत्तर देतो. माशांची नावंही गेली.

एकटेपणा येतो. पावसाळ्यात रस्ते बंद होतात तेव्हा जास्त. निभतं.

मुलीला निदान दोन वर्षं तिथेच ठेवा. हलवावंसं वाटलं तर आधी त्या बायकांशी बोला. मी ठरवून टाकल्यावर सांगितलं होतं. आणि सामानात बालभारतीची पुस्तकं घ्या. मी घेतली नव्हती.